मोठ्या बाबाच्या पुण्यानुमोदनात लोक हसले, ते माह्यामुळं

आज माह्या मोठ्या बाबाचं, म्हंजे बाबाच्या मोठ्या भावाचं, पुण्यानुमोदन झालं. आमच्या बौद्ध लोकायत त्या दिवशी घरचे लोक गेलेल्या माणसाबद्दल माईकवर दोन शब्द बोलतात.

मी नववीतच शाळा सोडली, वरूडले संत्र्याच्या पॅकिंगले जाते. चार लोकात तोंड उघडत नाई. पण त्यायची बायको, माही मोठी आई म्हणे, "तू बोल वं, त्यायचा तुह्यावर लय जीव होता."

माईक हातात आला अन् पाठ केलेलं सगळं इसरली. तोंडातून निघालं, "मोठे बाबा म्हणत, मी मेलो का पयले चहा दाखवून पाहजा. तरी नाई उठलो, तंच रडजा."

सगळे हसले. भंतेजी बी हसले. काका ओरडला, "खाली बस! मस्करी लावली का?"

मोठी आई हसत म्हणे, "काहून नाई दाखवला वं मी चहा?" अन् धाय मोकलून रडली. मोठे बाबा गेल्यापासून ती रडलीच नव्हती.

भंतेजी म्हणे सगळं अनित्य आहे, शोक करू नका. काका म्हणे पोरीनं रडवलं. मले तं समजूनच नाई राहिलं, मी चांगलं केलं का वाईट.

ती अजून आतल्या खोलीत रडून राहिली. जवळ जायची हिंमत होऊन नाई राहिली. तुमी असते तं गेले असते का?