दोन्ही हात मोकळे हवेत

घरात तिला भिंगरी म्हणत. लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या हातांना होती. आईवडील दोघेही बहिरे, त्यामुळे तोंडाने बोलण्याआधी ती हातांनी बोलायला शिकली आणि पुढे तेच पोटापाण्याचं काम झालं. बहिऱ्या माणसांच्या खुणा लॅपटॉपच्या पडद्यावर बघून डॉक्टरला, वकिलाला बोलून सांगायच्या आणि त्यांचं उत्तर खुणांनी परत पोचवायचं.

म्हणून लॅपटॉपची बिजागरी मोडली तेव्हा तिचं कामच अडलं. पडदा मागे कलंडायचा आणि कॅमेऱ्यात छत दिसायचं. हाताने धरावा, तर बोलायचं कशाने? डबे, उशा, शेवटी इस्त्रीसुद्धा मागे लावून झाली.

"वॉरंटी संपल्याचं यंत्राला बरोबर कळतं बघ," नवरा म्हणाला. एरवी ती हसली असती. कंपनीच्या माणसाने केव्हाच हात वर केले होते: वरचा अख्खा भाग बदलावा लागेल, तो येईल तेव्हा येईल.

आणि आज दुपारी शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचा डॉक्टरांशी कॉल होता. मावशी बहिऱ्या, उद्या त्यांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन. भिंगरीच्या आईचा उजवा हात लकव्याच्या झटक्याने गेला, तेव्हा ती चालेल कधी, जेवेल कशी, सगळं डॉक्टरांनी सांगितलं. बोलेल कशी, हे कुणी विचारलंच नाही. ते तिला अजून डाचतं.

तिने लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो दातांत स्क्रू धरून काम करत होता. ती खुर्चीत बसली, उठली, बाहेर जाऊन आली, त्याच्या खांद्यावरून डोकावली.

"ताई, बसा बरं. तुमच्यामुळे माझा हात हलतोय."

"झालं का?"

"बिजागरी जाम झाली होती, तिनेच स्क्रूची बैठक उखडली. सैल केली, बैठक चिकटवली. आता उद्यापर्यंत ताण द्यायचा नाही."

"माझा कॉल आत्ता आहे."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, हात पुसले आणि पडदा दोन्ही बाजूंनी धरून उभा राहिला. गिऱ्हाईक आलं, त्याला मानेनेच थांबवलं.

डॉक्टर कागदांत बघत सांगत होते: टाके, पट्टी, व्यायाम, कात्री कधी धरता येईल. भिंगरी खुणा करत होती. मध्येच मावशींनी डाव्या हाताने अडखळत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"विचारतात, मी बोलू शकेन का?"

"घशाला काहीच होणार नाही."

"डॉक्टर, त्या हातांनी बोलतात."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "मी सांधा जखडणार होतो. दुखणं कायमचं थांबतं, पण मनगट वळत नाही. दुसरंही करता येतं. मनगट बरंचसं वळेल, दुखणं मात्र थोडं राहील. त्यांनाच विचारा."

भिंगरीचे हात धावले. मावशींनी क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"दुखू दे, म्हणतात," भिंगरी म्हणाली.

कॉल संपला. दुरुस्तीवाल्याने पडदा अलगद मिटला आणि आखडलेले खांदे चोळले. भिंगरी खुर्चीत बसली ती बसलीच. हात तेवढे मांडीवर हलत होते. समोर नसलेल्या आईला सांगत होते.