तो मळ नव्हता

टीव्हीवर माझं नाक होतं. सुपाएवढं.

शनिवारची सकाळ. धरमपेठेतलं स्किन क्लिनिक. मी तिथे रिसेप्शनवर बसायचे. त्या दिवशी मोफत शिबिर होतं. ‘तेलकट त्वचा आणि बंद रंध्रं.’ पंधरा-वीस बायका खुर्च्या भरून बसल्या होत्या. दाखवायला पेशंट येणार होती, ती आली नाही. क्लिनिक चालवणाऱ्या मॅडमनी काउंटरकडे पाहिलं आणि मला बोटानं बोलावलं.

मी खुर्चीत बसले. मॅडमनी पेनाएवढा कॅमेरा माझ्या नाकावर टेकवला. पडद्यावर खड्डेच खड्डे. प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी काळा ठिपका. वरून तेलाची चकाकी. मग त्यांनी टोकाला कडं असलेली स्टीलची काडी घेतली आणि नाकपुडीच्या बाजूला दाबली. बारीक शेवईसारखं काहीतरी बाहेर आलं. पहिल्या रांगेतल्या बाईनं पदर नाकाला लावला. जसा काही टीव्हीतून वास येणार होता.

“पाहा,” मॅडम म्हणाल्या. “हा मळ. वर्षानुवर्षांचा. ही ज्या वस्तीतून येते ना, तिकडे स्वच्छतेचं वळणच नाही. आपल्या घरांत मुलींना लहानपणापासून साय-बेसन लावतात. यांच्याकडे तोंडावर पाणी मारलं की झालं.”

बायका हसल्या. वाईट हसल्या असंही नाही. गंमत वाटावी तसं हसल्या.

मीसुद्धा हसले. आजही मला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

मी कामठी रोडकडच्या वस्तीतली. गल्लीच्या तोंडाशी विहार, विहाराला लागून अंगणवाडी. त्या अंगणवाडीत माझी आई सेविका आहे. आमच्या गल्लीतली अर्धी पोरं हात कसे धुवायचे ते तिच्याकडून शिकली. नखाखालून, बोटांच्या बेचक्यातून, मनगटापर्यंत. बाबा लकडगंजला आरामशीनवर लाकूड कापतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवयांत भुसा असतो. अंगणातल्या नळावर अंघोळ केल्याशिवाय ते उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून पांढरे कपडे लख्ख धुण्याचं वेड आमच्या घरात आहे. माझ्या शाळेच्या शर्टावर डाग राहिला तर आई मला पायरीवरून परत बोलवायची.

त्या घराला वळण नाही, असं मॅडम म्हणाल्या. आणि मी हसले.

का हसले, ते सांगते. माझा त्यांच्यावर विश्वास होता.

बी.कॉम. झाल्यावर वर्षभर मी मुलाखती देत हिंडले. कुठे इंग्रजी कमी पडायचं, कुठे घरचा पत्ता सांगितला की चेहरे बदलायचे. मॅडमनी मला पाच मिनिटांत ठेवून घेतलं. “माझ्याकडे जातपात चालत नाही,” त्या म्हणाल्या. मी ते आईला जाऊन दोनदा सांगितलं. त्यांनी मला शिकवलं. साडी कशी नेसायची, फोनवर कसं बोलायचं. “इथे मले-तुले नाही हं करायचं,” म्हणाल्या. मी जीभ बदलली. माझ्या वाढदिवसाला त्यांनी केक आणला. पेशंटना सांगायच्या, “ही आमच्या घरचीच.”

मॅडमच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं नव्हतं. लोक डॉक्टर म्हणायचे. त्या थांबवायच्या नाहीत. मीही म्हणायचे.

शिबिर संपल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. “मनावर घेऊ नकोस गं. समजवायला उदाहरण लागतं.” पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावून ड्रॉवरमधून एक पांढरी डबी काढली. तिच्यावर कागद नाही, नाव नाही. “हे मी बाहेर कुणाला देत नाही. फक्त घरच्यांना. रोज झोपताना लाव. महिन्याभरात बघ.”

मी ती डबी रुमालात गुंडाळून घरी आणली.

मधल्या पंधरा दिवसांत मी माझ्या चेहऱ्याचं काय काय केलं होतं, ते सांगायला लाज वाटते. दिवसातून पाच वेळा साबण. जाड्या साखरेनं घासणं. नाकावर टूथपेस्ट. एकदा नारळाच्या शेंडीनं घासलं आणि रक्त काढलं. जितकं घासावं तितकं तेल जास्त यायचं. दुपारी चेहरा तेल टाकलेल्या तव्यासारखा चमकायचा. मी टिश्यू पेपर नाकावर दाबायचे आणि त्यावरचा डाग बघत बसायचे. हा मळच, मला वाटायचं. माझ्यातच आहे. धुऊन जात नाही.

डबीनं जादू केली. तीन आठवड्यांत तेल कमी. दुसऱ्या महिन्यात ठिपके दिसेनात. चेहरा उजळ. गल्लीतल्या बाया विचारायला लागल्या. मॅडमनी खिडकीपाशी उभं करून माझा फोटो काढला. माझ्या फोनमध्येही काढून दिला. “बघ. माझ्या हाताखाली आलीस म्हणून.”

मी त्यांच्या पाया पडले. आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. मी पडले.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी बसमधून उतरले आणि गालांची आग व्हायला लागली. ऊन लागलं असेल, म्हटलं. मग कपाळावर पुरळ. हनुवटीवर पुवाचे फोड. गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. दोन दिवस मलम थांबवलं तर चेहरा सुजला. लावलं की शांत. सोडलं की पेटला. मॅडमना दाखवलं. त्यांनी आधी फोटो काढला. मग म्हणाल्या, “तुझी स्किनच तशी. पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबलेली. त्याला मी काय करणार? लावत राहा.”

मी ओढणीनं तोंड बांधून घरी यायला लागले. घरातही सोडायची नाही.

आई एक दिवस समोर येऊन उभी राहिली. “काहून वं, तोंड काहून लपवून राहिली?” तिनं ओढणी खाली ओढली. बघितलं. सकाळी अंगणवाडीतून सुट्टी घेतली आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डबी तिनंच पिशवीत टाकली.

त्वचेच्या ओपीडीत दोन तास रांग. आत एक तरुण डॉक्टर होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. तिनं डबी उघडली, वास घेतला, मला चार प्रश्न विचारले.

“यात स्टेरॉईड असणार. चेहऱ्याला याची सवय लागते, म्हणून सोडलं की भडकतो. नाव नसलेलं मलम पुन्हा कुणाकडूनच घ्यायचं नाही.”

तिनं कागदावर लिहून दिलं. दिवसातून दोनदाच धुवायचं, सौम्य फेसवॉशनं. घासायचं नाही. तेल नसलेलं हलकं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन. पुरळासाठी गोळ्या. “रंध्रांसाठीचं औषध नंतर. आधी ही आग विझू दे. काही महिने जातील.”

मी विचारलं, “आणि नाकावरचा मळ?”

“कुठला मळ?”

मी बोट ठेवलं.

ती हसली नाही. “हा मळ नाही. हे त्वचेचं स्वतःचं तेल आहे, मेलेल्या पेशी आहेत. हवा लागली की वरचं टोक काळं पडतं. कितीही स्वच्छ राहा, येतं. आणि रंध्रं नाहीशी होत नसतात, नीट काळजी घेतली तर कमी दिसतात, एवढंच.” मग तिनं स्वतःचा चष्मा काढला आणि तोंड माझ्याजवळ आणलं. “बघ. माझ्याही नाकावर आहेत.”

होते. अगदी तसेच काळे ठिपके.

बाहेर बाकावर बसून मी रडले. आईला वाटलं दुखतंय. मला दुखत नव्हतं. मी रक्त निघेस्तोवर काय घासलं होतं, ते मला कळलं होतं. मॅडमच्या तोंडून निघालेलं एक वाक्य मी घासत होते.

“त्या दिवशी टीव्हीवर नाक दाखवलं तुयं,” आई म्हणाली. मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं होतं. “तवाच काहून नाही उठली वं तू?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आईला देण्यासारखं नव्हतं. मला ते खरं वाटलं होतं, आई. आपल्या घराबद्दल त्या जे बोलल्या, ते मला खरं वाटलं होतं.

आठ दिवसांनी मी कामावर गेले. राजीनामा द्यायचा, डबीत काय होतं ते विचारायचं आणि निघायचं, असं ठरवून. दारात पाय ठेवला तर भिंतीवर नवा फ्लेक्स. दोन फोटो शेजारी शेजारी. डोळ्यांवर काळी पट्टी. एका चेहऱ्यावर फोड, लाल गाल. दुसरा नितळ, उजळ. पहिल्याखाली लिहिलेलं, ‘आधी’. दुसऱ्याखाली, ‘नंतर’.

डाव्या कानाखालचा तीळ माझा होता. दोन्ही फोटोंत.

नितळ चेहरा आधीचा होता. फोडांचा नंतरचा. त्यांनी मला उलटं लावलं होतं. त्यांच्या औषधानं बिघडलेला चेहरा त्यांनी माझा मूळचा चेहरा करून टाकला होता. विचारलंसुद्धा नव्हतं. विचारणार कशाला? मी घरचीच ना.

मी तिथेच उभी होते. आत मॅडमसमोर बेसा भागातून आलेली एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी बसली होती. मुलीच्या कपाळावर साधं तारुण्यातलं पुरळ. टेबलावर पांढरी डबी. मॅडमनी काचेतून मला पाहिलं. तोंडाला ओढणी होती, त्यामुळे त्यांना चेहरा दिसला नाही; मलम लावून तो शांत झाला असेल, असं त्यांनी धरलं असावं.

“ये ये,” त्या म्हणाल्या. “ताई, फ्लेक्सवरची मुलगी हीच. आमच्या घरचीच. सांग गं त्यांना, कशी होतीस आणि कशी झालीस.”

मी ओढणी सोडली.

मुलीच्या आईनं श्वास आत ओढला.

“काकू,” मी म्हणाले, “ते फोटो उलटे आहेत. तो गोरा आधीचा. हा नंतरचा. या डबीनं झालं हे.”

“तू आत जा,” मॅडम म्हणाल्या. हळू. दात आवळून.

“नाही जात.”

“डोकं फिरलंय तुझं?”

“या डबीत काय आहे, सांगा त्यांले. मले नाही सांगतलं. त्यांले तरी सांगा.”

माझी जीभ घरी परत आली होती. मला ती थांबवावीशी वाटली नाही.

मॅडम उठल्या. चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि त्याच्या मागचं सगळं दिसलं. “पाहिलंत ताई? यांना उचलून वर आणावं, तर हे असं करतात. शेवटी जातात आपल्या वळणावरच.”

“माह्यं वळण काढू नका,” मी म्हणाले. “माही आई लेकरांले हात धुवाले शिकवते. तुम्ही डबीवर नाव लिहाले शिका.”

बाई गोंधळली. माझ्याकडे, मग मॅडमकडे बघत राहिली. “आता रिसेप्शनवालीचं ऐकायचं की डॉक्टरांचं?” ती पुटपुटली आणि तिनं डबी पर्समध्ये टाकली. मुलीनं मला विचारलं, “ताई, जळते का?”

“जळते. सोडली की अजून जळते.”

मुलीनं आईच्या पर्समधून डबी काढली आणि टेबलावर ठेवली. “मले नाही लावायची.”

मी पायऱ्या उतरले. घरी बाबांना सांगितलं. ते भुसा झटकत उभे होते. मग म्हणाले, “बरं केलं. पण इथंच सोडू नको.”

सोडलं नाही. माझ्या डबीत तळाशी मलम उरलं होतं. ते, दवाखान्याचा कागद आणि फोनमधला नितळ चेहऱ्याचा तो फोटो, ज्यावर काढल्याची तारीख आहे, असं सगळं घेऊन मी औषधखात्याच्या ऑफिसात गेले. साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा मीटिंगला. तिसऱ्यांदा भेटले. “ब्युटीपार्लरचं भांडण दिसतंय,” म्हणाले. मी म्हणाले, “पोच द्या.” त्यांनी दिली.

मॅडमचा फोन आला. “बेटा, मी तुला मुलीसारखं ठेवलं.” मी ऐकून घेतलं. पूर्वी या वाक्यावर मी विरघळले असते. “मुलीला लावली असती का ती डबी?” मी विचारलं. पलीकडून फोन बंद झाला.

फ्लेक्स अजून आहे. मी त्या रस्त्यानं जाते आणि बघते. आता एका मेडिकलमध्ये काम करते, उभं राहून. बिननावाची मलमं मागायला मुली येतात. त्यांना मी माझे गाल दाखवते. काही ऐकतात. काही शेजारच्या दुकानात जातात.

चेहरा अजून पूर्ण बरा नाही. उन्हात पेटतो. सकाळ-संध्याकाळ धुते, क्रीम लावते, घासत नाही. दुपारी नाक चमकतं. चमकू दे.

औषधखात्याच्या ऑफिसातून निरोप आला आहे, जबाबाला बोलावतील. शेजारची काकू म्हणाली, “थोडी थांब ना वं, तोंड साफ होऊ दे, मग जाजो. लोक काय म्हणतील?”

मी थांबणार नाही. बोलावतील त्या दिवशी चेहरा जसा असेल तसा घेऊन जाणार. बरा झालेला चेहरा मॅडमच्या कामाचा आहे. माझ्या कामाचा हाच आहे.