माझ्या तोंडाकडे बघा

पहिलीच्या वर्गाला अक्षरं शिकवायची माझी एकच पद्धत आहे. फळ्यावर अक्षर काढायचं, मागे वळायचं आणि म्हणायचं, "माझ्या तोंडाकडे बघा." प म्हणताना ओठ कसे मिटतात, फ म्हणताना हवा कशी सुटते, हे पोरं टक लावून बघतात आणि तसंच करतात. घाटकोपरच्या आमच्या शाळेत निम्म्या पोरांच्या घरी मराठी नाहीच. त्यांची मराठी माझ्या ओठांवरून उचललेली असते. तोंड हेच माझं भांडवल होतं, आणि घरच्यांनी ते एकमताने घालवलं.

शाळा सुरू झाली तेव्हा उजव्या कानाच्या पाळीखाली एक गाठ हाताला लागली. सुपारीएवढी, अजिबात न दुखणारी. सासूबाईंना ते गालगुंड वाटलं. त्यांनी आंबेहळदीचा लेप घातला. लेप धुतला गेला, गाठ जागच्या जागी. मग मी मुलुंडमध्येच, घराजवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी चाचपून सांगितलं, "लाळग्रंथीची गाठ आहे. बऱ्याचदा साधीच निघते. पण सोनोग्राफी करा आणि सुईने थोड्या पेशी काढून तपासूया. चेहऱ्याची नस या ग्रंथीतूनच जाते, त्यामुळे उशीर नको."

इतकं सोपं होतं ते. पण मी घरी येऊन "सुई" म्हटलं आणि सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "गाठीक सुई लावूची नसता गो बाय. ती खवळता." त्यांच्या गावच्या कुणा बाईच्या गाठीला सुई टोचली होती आणि ती महिन्यात गेली होती. हे ऐकून माझा नवरा पांढराफटक पडला आणि त्याने थोरल्या भावाला फोन लावला. आमच्याकडे ताप मोजायचा तरी भाऊजींना विचारून.

भाऊजी गोरेगावला राहतात. मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यापासून अख्ख्या कुटुंबाचं औषधपाणी तेच बघतात, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं. रविवारी आले ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊनच. लाळेतली काही प्रथिनं गाठ वाईट असली की कमीजास्त होतात. ती मोजून लाळग्रंथीची गाठ कसली आहे हे ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे, असं त्यात लिहिलं होतं. भाऊजींनी 'येईल का' तेवढं सोडून बाकी सगळं वाचलं होतं.

"सुई नाही, चाकू नाही. नुसतं थुंकायचं. झकास काम आहे!" ते म्हणाले. नवऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. बुडत्याला काडीचा आधार, पण इथे बुडणारी मी होते आणि काडी ह्यांनी धरली होती.

असे नमुने घेणारं एक हॉस्पिटल भाऊजींनी ओळखीतून शोधून काढलं. आम्ही तिघं गेलो. तिथल्या संशोधक मुलीने मला तासभर काही न खाता-पिता बसवलं आणि मग हातात एक नळी दिली. थुंकायचं नाही, म्हणाली. मान खाली घालून तोंडात जमेल ती लाळ आपसूक नळीत सोडायची. पोरांना जन्मभर "तोंड पूस, लाळ गळतेय" म्हणत आलेली मी, दोन पुरुषांसमोर लाळ गाळत बसायचं म्हटल्यावर माझ्या तोंडाला कोरड पडली.

"चिंच आठव, चिंच!" भाऊजी म्हणाले. "कैरीचं लोणचं आठव."

"नको काका, आपोआप येते तीच हवी," ती मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने स्वच्छ शब्दांत सांगितलं, "मॅडम, हा तुमचा रिपोर्ट नाहीये हं. खूप जणांचे नमुने जमवून मग अभ्यास होणार, त्याला वर्षं लागतात. तुम्हाला यातून काही कळवता येणार नाही. तुमची सुईची तपासणी थांबवू नका."

माझ्या ओठांत नळी होती. उत्तर भाऊजींनी दिलं. "हो हो, कळलं."

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "असं बोलावं लागतं त्यांना, नियम असतो. काही वाईट निघालं तर कळवल्याशिवाय राहतील काय?"

"अहो, ती सरळ नाही म्हणाली ना," मी म्हटलं.

"तू गप गं. टेन्शन घेऊ नको," नवरा म्हणाला.

तरी मी सुईची वेळ घेतली. मलाही सुईची भीती होती, नाही कशाला म्हणू. पण गाठीची त्याहून जास्त होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेतून परस्पर गेले, तर खिडकीवरची बाई म्हणाली, "तुमच्या मिस्टरांनी सकाळीच कॅन्सल केली ना." मी तिथूनच नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आधी तो लाळेचा रिपोर्ट येऊ दे. भाऊ म्हणतो ते बरोबर आहे. आणि आता गणपती तोंडावर आलेत." मी त्या खिडकीसमोर उभी राहून खूप बोलले. लोक बघत होते. पण घरी आल्यावर सासूबाई जेवेनात, नवरा बोलेना, आणि शेवटी गणपती होऊ देत असं ठरलं. असं आमच्याकडे ठरतं. कोण ठरवतं ते कधीच कळत नाही, भोगायचं कुणी ते मात्र आधीच ठरलेलं असतं.

गावाला गेलो. रोज भाऊजींचा फोन, "काही कळवलं नाही ना त्यांनी? मग चांगलंच आहे. वाईट असतं तर आतापर्यंत कळवलं असतं." विसर्जनाच्या सकाळी चूळ भरताना पाणी माझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळून पदरावर आलं. सासूबाई म्हणाल्या, "वारो लागलो असतलो."

मुंबईला परतल्यावर मी एकटीच गेले. डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. उजवा पुरता मिटला नाही. सुई त्याच दिवशी टोचली, मुंगी चावावी एवढंच दुखलं. गाठ काही खवळली नाही. तिला खवळायला सुई लागलीच नव्हती.

कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर नसही कापावी लागली, कारण गाठीने तिला वेढलं होतं. नंतर मी विचारलं, आधी आले असते तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नस वाचलीच असती असं नाही सांगता येणार. पण वाव होता." तो वाव मला अजून झोपू देत नाही.

भाऊजी भेटायला आले. "जीव वाचला ना? चेहऱ्याचं काय एवढं, तुला काय सिनेमात जायचंय?" आणि वर, "बघ, त्या थुंकीवाल्यांनी शेवटपर्यंत काही कळवलं नाही." चोराच्या उलट्या बोंबा. नवरा मान खाली घालून मोसंबी सोलत होता. आता तो माझ्या उजव्या बाजूला बसत नाही.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिने खरं तेच सांगितलं होतं. उपचार संपल्यावर तिने पुन्हा नमुना मागितला तेव्हा मी गेले, आणि भाऊजींना कळू दिलं नाही. ऑपरेशननंतर रेडिएशनचे शेक घेऊन घेऊन तोंड सुकलं होतं, नळीचा तळ कसाबसा भिजला. उद्या कुणाला तरी त्याचा उपयोग होवो. माझ्या लाळेने खोटं सांगितलं नव्हतं, तिला कुणी अजून काही विचारलंच नव्हतं.

जूनमध्ये शाळेत परत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसचं काम बघा ना, आराम पडेल." मी म्हटलं, पहिलीच द्या. फळ्यावर प काढला, वळले, आणि सवयीने तोंडातून गेलं, "माझ्या तोंडाकडे बघा." ओठांची उजवी बाजू मिटेना. मी बोटाने ओठाचा कोपरा वर ढकलून धरला आणि म्हटलं, "प."

सगळ्या पोरांनी एक एक बोट ओठाच्या कोपऱ्याला लावलं, तोंड वाकडं केलं आणि एका सुरात म्हटलं, "प." एकही पोर हसलं नाही. नवीन वर्ग होता. त्यांना वाटलं, प असाच म्हणतात.