गेटवरच्या मामाची पापणी

कारेगावला आमच्या कंपनीच्या गेटवर एक सिक्युरिटीवाला होता. नाव कुणी विचारलंच नाही, सगळे मामाच म्हणायचे. सकाळी गडी ताठ, आवाज खणखणीत. दुपार कलली की डावी पापणी खाली यायची. मग एका बोटानं ती वर धरून तो आमची कार्डं तपासायचा. लोक हसायचे. "ड्युटीवर झोपता, घरी बसवीन," असं साहेबानं त्याला दोनदा सुनावलं.

"डोळा झाकतोय साहेब, मी जागा हाय," तो म्हणायचा. कोण ऐकतंय!

शेवटी पुण्यात तपासण्या झाल्या. छातीच्या हाडामागं, दोन फुप्फुसांच्या मधे गाठ निघाली. तिच्यापायी शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटलं होतं. वापरले की ते थकायचे. ऑपरेशन करून गाठ काढली, गोळ्या चालू राहिल्या.

काही महिन्यांनी मामा परत गेटवर आला. भर दुपारी डोळा टक्क उघडा. तेवढ्यात साहेबाची गाडी वळली आणि मामाचं बोट पापणीवर गेलं.

"आता कशाला मामा?" मी विचारलं.

"डोळा बरा झालाय वो," तो म्हणाला, "पर त्यांची गाडी दिसली की हात आपसूक जातोय."