मांडवाखालचा तापमापक

मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे हजेरी घेते, पेपरांचे गठ्ठे वाहते आणि वेळ उरलाच तर शिकवते. पुण्याच्या एका संशोधकसाहेबांना आपल्या प्रकल्पात कोकणातलं कुणीतरी हवं होतं, आणि मी कोकणातली कुणीतरी होते. एवढ्या गुणवत्तेवर माझी निवड झाली.

काम ऐकायला मोठं भारदस्त होतं. हवामानाचं मॉडेल म्हणजे संगणकात चालवलेली पृथ्वी. तिचे चौकोन पाडायचे आणि ती प्रत्येक चौकोनाचं मागचं-पुढचं तापमान सांगते. पुढचं खरं की खोटं हे आज कळायला मार्ग नाही. म्हणून मागचं घ्यायचं, तापमापकाच्या खऱ्या नोंदींशेजारी ठेवायचं, मॉडेल किती चुकतं ते काढायचं आणि तेवढी चूक पुढच्या आकड्यांतून वजा करायची. आमच्या चौकोनात समुद्र, किनारा, सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार, आणि लांज्याकडचे डोंगर एकत्र कोंबले होते. सगळ्यांना मिळून तापमान एकच, रेशनवर मिळाल्यासारखं.

खऱ्या नोंदी यायच्या लांज्याजवळच्या एका रोपवाटिकेतून. तिथं चार पायांवर उभ्या पांढऱ्या लाकडी पेटीत तापमापक होता आणि तिथले एक जुने कामगार रोज आकडा लिहून ठेवत. ताडून पाहिलं तर पावसाळ्यात मॉडेल आणि पेटी यांचं अगदी गुळपीठ. दिवाळी सरली की मॉडेल भलतंच गरम, ते थेट मे संपेपर्यंत. साहेब हरखले. मॉडेलला आमचा खारा वाराच कळत नाही, असा त्यांनी शोध लावला आणि त्यावर आलेखांसकट एक निबंध पाडला. मॉडेल बिचारं काय बोलणार?

या सगळ्यात दादाला रस असायचं कारण नव्हतं, पण होता. माझा हा थोरला भाऊ आखातात नोकरीला. वहिनी इथं, पोरं इथं, आणि हा वर्षातून एकदा अत्तराच्या बाटल्या घेऊन येणारा पाहुणा. आमच्या सड्यावर कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून हापूसची कलमं लावायची आणि कायमचं परत यायचं, असं त्याचं चाललं होतं. पण ऊन असंच वाढत गेलं तर कातळावरचा आंबा भाजतो, साका पडतो, म्हणजे वरून सोन्यासारखं फळ आणि आत गर पांढरा, टाकून द्यायच्या लायकीचा. म्हणून पुढची वर्षं कशी जातील ते तू सांग, मग मी राजीनामा देतो, असं त्याने मला सांगितलं. मी चूक वजा केलेले आकडे पाहिले आणि कलमं जगतील म्हणून कळवलं. वहिनीने त्याच आठवड्यात माडीवरची खोली रंगवायला काढली.

मग मार्चमध्ये अहवालाच्या मुखपृष्ठासाठी पेटीचा फोटो हवा म्हणून मी रोपवाटिकेत गेले. पेटी दिसेना. दिसला तो मांडव. चार वासे, वर नारळाची झापं, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि मधोमध घरच्या तुळशीसारखी आमची पेटी. दिवाळीनंतर आपण अंगणात घालतो तसाच मांडव त्या कामगारकाकांनी तापमापकावर घातला होता आणि पावसाआधी ते तो उतरवत. पेटी बसवायला आलेला माणूस सांगून गेला होता की तापमान नेहमी सावलीतलं घ्यायचं. ती झडपांची पेटी हीच ती सावली, हे सांगायचं मात्र तो विसरला असावा.

काका अभिमानाने म्हणाले, "आमी दरवर्षी घालतो. उनात ठेवलान तर ता बरोबर कसा दाकवील?"

मला हसू आलं, आणि लगेच वहिनीची रंगवलेली खोली आठवली. मी काकांना मांडव उतरवायला सांगितला. त्यांनी तो उतरवला, पण उघड्यावर बसलेल्या पेटीकडे असं पाहिलं की निर्दयी मीच. साहेबांना फोन केला तर ते थोडा विचार करून, मांडव हाही स्थानिक हवामानाचाच भाग धरता येईल का ते पाहा म्हणाले. निबंध तोवर छापायला गेला होता.

दादाला मी पावसापर्यंत थांब म्हटलं. एप्रिल गेला, मे गेला. उघड्या पेटीचे आकडे येत राहिले आणि मॉडेलच्या आकड्यांवर जाऊन बसत राहिले. ज्या मॉडेलला आम्ही चुकीचं ठरवलं होतं ते पहिल्यापासून बरोबर होतं, आणि सड्यावरचा पुढचा उन्हाळा ते सांगत होतं तसाच, आंबा भाजणारा, येणार होता. मी रोज संध्याकाळी काहीतरी चूक निघावी म्हणून आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते. निघाली नाही.

जूनमध्ये मी दादाला फोनवर सगळं सांगितलं. मांडवाचं ऐकून तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने आधी खोलीतला घरघरणारा एसी बंद केला.

मग म्हणाला, "बाय, मी काय आंब्यासाठी येत होतो? नुसता कंटाळलो म्हणून परत आलो तर गाव काय म्हणेल? मला एक कारण हवं होतं."

मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं हा माणूस घरी यायला कारण शोधत होता, आणि मी त्याला आलेख पाठवत होते.

"दुसरं काही होईल का सड्यावर?" त्याने विचारलं.

"काजू लाव," मी म्हटलं. "काजूला काही होत नाही. तू राजीनामा दे."

काजूचं मी काहीच तपासलेलं नव्हतं.