मूडी स्थळ

आमच्या लहानपणी तिरसट माणसाला तिरसटच म्हणत. कुणी घुम्या असे, कुणी तुसडा, कुणी खडूस, आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक असे. आता असा माणूस औषधालाही सापडत नाही. जो आल्यागेल्याच्या अंगावर वसकन जातो तो शॉर्ट टेम्पर, जो तोंड पाडून बसतो तो इंट्रोव्हर्ट, आणि ज्याला पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणायची अक्कल नाही तो प्रोफेशनल. मी आयुष्यभर मिलिटरीच्या कचेरीत इंग्रजी टायपिंग केलं, त्यामुळे असल्या शब्दांनी माझे डोळे दिपत नाहीत. माझ्या भावाचे दिपतात.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी भिंगारहून कोल्हारला गेले. मुलगा पुण्याला कंपनीत. मध्यस्थाने फोनवर सांगितलं होतं, “पोरगं लई हुशार, जरासं मूडी हाय.” भावाने हे मला अशा थाटात ऐकवलं, की मुलाची आणखी एक डिग्रीच. मूडी म्हणजे काय रे, असं विचारलं तर म्हणाला, “म्हणजे विचारी.” भाचीला पसंतीचं कुणी विचारलंच नव्हतं, आणि भाऊ त्याच दुपारी सुपारी फोडून मोकळा व्हायच्या बेतात होता.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाने मोबाईलमधून मान वर काढली नाही. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे भावाने टॉवेल-टोपी आणली. आधी मुलाच्या वडिलांना टोपी घातली, मग मुलाला. मुलाने ती काढून शेजारी बसलेल्या आईच्या मांडीवर भिरकावली.

“सांगितलं होतं ना, असलं गावठी मला चालत नाही.”

त्या बाईंनी टोपीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. माझा भाऊ हसला. “आजकालची मुलं फ्रँक असतात,” म्हणाला. मला त्याची किळस आली.

पाण्याचं निमित्त करून त्या बाई माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आल्या. वहिनी चहा गाळत होती, भाची कप मांडत होती.

“पोरी, एक सांगून ठिवते,” बाई म्हणाल्या. “सकाळच्याला त्याच्याशी बोलायचं न्हाई. च्या ठिवायचा अन् निघून यायचं. बाकी लई गुनाचा हाय.”

“मग तुमी कधी बोलता त्याच्याशी?” भाचीने विचारलं.

“त्यानी हाक मारली की.”

आमटीत मीठ किती घालायचं ते सांगावं, इतक्या साधेपणाने त्या बोलल्या. भाचीने हातातला कप खाली ठेवला, बाहेर गेली आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, “माफ करा, मला हे स्थळ पसंत नाही.”

पाहुणे चहा न घेताच उठले. गाडीत बसताना मुलाचे वडील मध्यस्थाला म्हणाले, “मुलगी रूड आहे.” मुलगा टोपी भिरकावतो तो फ्रँक आणि मुलगी हात जोडून नाही म्हणते ती रूड. असल्या इंग्रजीला जोड्याने मारावं.

पाहुणे गेल्यावर भाऊ ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला. मी दोन शब्द सांगायला गेले तर खेकसला, “मला टेन्शन देऊ नका.” चार माणसांत नाक कापलं गेल्याचं त्याला दुःख होतं. पोरगी कुठे पडता पडता वाचली, ते त्याच्या गावीही नव्हतं.

दिवेलागणीला वहिनीने त्याच्याजवळ चहाचा कप ठेवला आणि पाय न वाजवता, एक शब्द न बोलता आत आली. भाची दारात उभी राहून बघत होती.

“आई, तू हे असं कधीपासनं करते?”

वहिनीने पदराला हात पुसले.

“तुझ्या जन्माच्या आधीपासनं,” ती म्हणाली.