डोळ्याला बसलेली रायफल

माझ्या एका चांगल्या कामामुळे एका माणसाचे डोळे गेले. वाईट कामंही मी पुष्कळ केली असतील. ती लोक विसरले, मीही विसरलो. हे काम चांगलं होतं, म्हणून ते विसरता येत नाही.

पांढुर्ण्याला आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. आधी वडिलांच्या नावाने परवाना, नंतर माझ्या. पाटी वाचून नवख्याला वाटे, इथे डाकूंची ऊठबस असेल. येत कोण, तर संत्र्यांचे बागवाले, बँकेचा चौकीदार आणि महिन्याकाठी तपासणीला एक हवालदार. तो अर्धा तास रजिस्टरची पानं चाळी आणि चहा पिऊन जाई. नुसत्या बंदुकांवर पोट भरत नसे. फवारणीचे पंप, कुलपं, स्टोव्ह, जे येईल ते मी हाती घेई. स्टोव्ह घेऊन आलेल्या बायका भिंतीला टेकवलेली दुनळी पाहिली की उंबऱ्याबाहेरूनच स्टोव्ह आत सरकवायच्या. मला राग यायचा. बंदूक आपणहून उडते की काय!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. रामाकोन्याकडचे एक बागवाले एक लांबलचक पेटी घेऊन सौंसरहून बसने आले. वय पन्नाशीच्या पुढे, पांढरं धोतर, आवाज असा की समोरच्या किराणा दुकानातली माणसं वळून पाहत. मी त्यांना काकाजी म्हणे आणि ते मला मिस्त्री. पेटीत त्यांच्या वडिलांची विलायती रायफल होती, तीनशे पंचाहत्तर बोअरची, वाघ, सांबर, गव्यासाठी घेतलेली. नळी आतून आरशासारखी चकचकीत, पण खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता वाळवीने असा पोखरलेला की बोट दाबलं तर भुसा पडे.

शिकार बंद होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. परवानगी मिळे ती बागेत घुसणाऱ्या रानडुकरापुरती, आणि तीही छिंदवाड्याला खेटे घालून. मी म्हटलं, "काकाजी, डुकराले बारा बोअर पुरते. हे एवढं धूड कायले सांभाळता?"

"डुकराले पुरते, मिस्त्री," ते म्हणाले. "मले नाही पुरत."

हे उत्तर मला आवडलं. मी काम घेतलं.

नवी रायफल बनवण्याची आम्हाला मुभा नव्हती, परवाना दुरुस्तीचा. पण नळी आणि यंत्र जुनं ठेवून बाकी सगळं नवं करणं ही दुरुस्तीच, आणि ते 'बाकी सगळं' म्हणजेच खरी रायफल असते. तयार दस्ता कुणालाही येतो, म्हणजे कुणालाच नीट येत नाही. मापाचा दस्ता एकाच माणसाला येतो. मी काकाजींच्या कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत माप घेतलं, मानेची लांबी घेतली, गालाचं हाड कुठे टेकतं ते पाहिलं, ते कुठल्या डोळ्याने नेम धरतात ते पाहिलं. अक्रोडाचं लाकूड नागपूरहून आणलं आणि चार महिने कानशीने घासत बसलो. घरात कुरकुर सुरू झाली की स्टोव्हची कामं कुजून राहिली.

वडिलांनी शिकवलेली एक परीक्षा होती. गिऱ्हाइकाने डोळे मिटायचे, मिटल्या डोळ्यांनी रायफल खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरचा मणी, ज्याला आम्ही मक्खी म्हणतो, डोळ्याजवळच्या पट्टीतल्या खाचेत आपोआप मधोमध बसलेला दिसला पाहिजे. मान इकडेतिकडे करावी लागली तर काम फसलं. काकाजींनी डोळे मिटले, रायफल उचलली, डोळे उघडले आणि तसेच उभे राहिले.

"बसली," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मला वडील हयात असायला हवे होते असं फार वाटलं.

पुढची दोन वर्षं काही तक्रार नव्हती. मग एका हिवाळ्यात ते पेटी घेऊन हजर. "मक्खी अंधारी पडून राहिली. पहाटे दिसतच नाही."

मी दारात जाऊन पाहिली. मला स्वच्छ दिसली. पण मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला दिसलं पाहिजे हा आमच्या धंद्याचा कायदा. एका ओळखीच्या घरी बुद्धिबळाचा जुना हस्तिदंती डाव होता, त्यातलं एक फुटकं प्यादं मागून आणलं. ते घासून जोंधळ्याच्या दाण्याएवढी पांढरी मक्खी बसवली. काकाजी खूश झाले आणि जाताना टोपलीभर संत्री ठेवून गेले.

दीड वर्षाने परत आले. आता म्हणे खाच अरुंद आहे, मक्खी शोधण्यात वेळ जातो. मी खाच पसरट केली, पंजा उघडावा इतकी उघडी, आणि तिच्या बरोबर मधोमध खाली चांदीची बारीक तार उभी ठोकली. तारेवर मक्खी ठेवा आणि खटका ओढा, विचारच करायचा नाही. हे काम मी आजही कुणाला छाती काढून दाखवीन.

याच सुमारास सौंसरच्या बसस्टँडवर ते माझ्या बाजूने गेले. मी नमस्कार केला. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी हात जोडून तसाच उभा, आणि चहावाला माझ्याकडे बघून हसला. माझं डोकं फिरलं. ह्यांची रायफल मी डोळ्यात तेल घालून बनवायची आणि ह्यांना चारचौघांत ओळख द्यायला जड जातं! पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम तासभर बसवून ठेवलं. तासाने त्यांनी चहासुद्धा न मागता विचारलं, "नाराज आहेस का रे माह्यावर?" मी नाही म्हटलं.

त्या खेपेची तक्रार अशी होती की हाकाऱ्यांनी उठवलेलं डुक्कर त्यांच्या उजव्या बाजूने, वीस पावलांवरून, आरामात निघून गेलं आणि काकाजी समोरच बघत राहिले. बागेचा रखवालदार गावभर हसून सांगत होता. मी यावरही लाकूड-लोखंडाचाच विचार केला. म्हटलं, उघड्या खाचेने नजर खिळून राहते, तर मागे कडी बसवू. कडी म्हणजे बारीक लोखंडी गोल. त्यातून पाहायचं, डोळा आपोआप मधोमध येतो आणि मक्खी ठसठशीत दिसते. म्हाताऱ्या डोळ्यांना हे फार मानवतं. बाजूचं झाकू नये म्हणून मी कडीचं भोक मोठं घासलं.

कडी बसवायला मी बागेवरच गेलो होतो. बागेमागे मुरमाची खाण होती, तिथे आम्ही नेम तपासत असू. शंभर पावलांवर नारळाची करवंटी ठेवली. काकाजींनी बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, पहिल्याच काडतुसाला ती फोडली. दुसरी ठेवली, तीही फोडली. माझ्याच पाठीवर हात फिरवून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

त्यांच्या घरी परतलो तर काकू, काकाजींच्या पत्नी, ओसरीवर माझी वाट पाहत होत्या. काकाजी हातपाय धुवायला मागे गेले होते. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, तुमाले एक इचारतो. हे चौकटीले धडकते. बाजूले ठेवलेला गिलास पाडते. परवा पोरगी जवळ येऊन बसली तं दचकले. म्या म्हटलं, नागपुरात डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा. पोरगा सोमवारच्या बसनं घेऊन जाऊन राहिला. हे आयकत नाही. तुमचं आयकतीन. तुमाले काय वाटते?"

मला काय वाटणार? माझ्या कानात अजून करवंटी फुटल्याचा आवाज होता. मी म्हटलं, "काकू, शंभर पावलांवर करवंटी फोडली काकाजीनं. दोन फोडल्या. ज्याचे डोळे खराब आहेत तो फोडते का? माहे तरणे डोळे, मले एक फुटली असती. कायले म्हाताऱ्या माणसाले बसमधे हिंदळता?"

तेवढ्यात काकाजी आले. मी त्यांच्यासमोर तेच पुन्हा सांगितलं, जास्त मीठ लावून. ते हसले आणि म्हणाले, "आयकलं? आता तरी डॉक्टर डॉक्टर करू नको." काकू आत निघून गेल्या. सोमवारची बस काकाजींविना गेली.

यानंतर तीन वर्षं गेली. काकाजी आले की मी कडी थोडी इकडे, मक्खी थोडी जाड, असं काही ना काही करून देई. प्रत्येक वेळी करवंटी फुटे. मी मनात म्हणे, या पंचक्रोशीत असा नेम कुणाचा नाही आणि तो माझ्या हातचा आहे.

शेवटी त्यांना दुर्बीण हवी झाली. नागपूरच्या एका दुकानातून एक वापरलेली मिळाली. लोखंडाचे दोन आधार घडवून मी ती रायफलीवर चढवली. दुर्बिणीची एक खोड असते. पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला तिच्यात भोवती काळं कडं दिसतं, कधी चंद्रकोरीसारखी सावली सरकते. माणूस डोकं पुढे-मागे करतो, वैतागतो, शिव्या घालतो. दहा मिनिटांनी जागा सापडली की मग चित्र पूर्ण उघडतं. मी या दहा मिनिटांसाठी तयार होतो. दुकानाच्या दारात खुर्ची टाकली, रस्त्यापलीकडच्या पिंपळाच्या एका पानावर नेम धरायला सांगितलं.

काकाजींनी डोळा लावला आणि स्वस्थ बसले. डोकं हललं नाही. मी लांबून पाहत होतो, त्यांचा डोळा काचेपासून चांगला वीतभर दूर होता. इतक्या दुरून अर्ध्याहून जास्त काळंच दिसायला हवं.

"काकाजी, भोवती काळं दिसते का?"

"दिसते ना."

"मंग डोकं पुढं घ्या. काळं जाईल."

"राहू दे," ते म्हणाले. "पान दिसून राहिलं. भोवतालचं काळं तं बिनादुर्बिणीचंबी राहते."

मी हातातली कानस खाली ठेवली. त्यांच्या मागे गेलो, उजवा हात त्यांच्या कानाच्या रेषेत धरून हळूहळू पुढे आणू लागलो. म्हटलं, समोर पानाकडेच पाहा आणि बोटं दिसली की सांगा. हात गालाच्या पुढे गेला, कपाळाच्या पुढे गेला. जवळजवळ पानाच्या आड आला तेव्हा ते म्हणाले, "हे आली." डाव्या बाजूला तेवढंही नव्हतं.

मी त्यांना मुलाच्या हाती सोपवलं नाही, दुकानाला कुलूप घालून स्वतःच दुसऱ्या दिवशी नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. बराच वेळ तपासलं. काचबिंदू, म्हणाले. डाव्या डोळ्यात फारसं काही उरलेलं नाही, उजव्यात मधोमध एक भोक उरलं आहे. तेवढं थेंब टाकून जपू, गेलेलं परत येत नाही. तीन वर्षांपूर्वी आले असते तर पुष्कळ राहिलं असतं. मग काकाजींना बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "हे तर नेमबाज. नेमबाज माणूस डोळ्यांची तक्रार सगळ्यात आधी करतो. यांनी इतकी वर्षं कुणाकडे केली नाही?"

केली होती. दर खेपेला बसने येऊन केली होती, माझ्याकडे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रायफल परवान्यावरून उतरवून बंदुका विकणाऱ्या एका दुकानात जमा करायचं ठरलं. दुर्बीण आणि आधार काढायला मी बागेवर गेलो. ओसरीवर चार-पाच माणसं होती, काकाजींचे व्याही आणि शेजारचे बागवाले. मी बाजूला बसून स्क्रू काढत होतो. काकाजी मधोमध खुर्चीवर, आवाज पूर्वीसारखाच. ते त्यांना सांगत होते की माणसाने चांगला कारागीर धरावा. "डॉक्टर म्हनते, डोळे पाच-सहा सालापासून जाऊन राहिले होते. आन मी मागच्या सालापर्यंत करवंटी फोडत होतो. कोनाच्या भरोशावर? ह्या मिस्त्रीच्या. यानं मले पाच साल जास्त देल्ले. नाही तं कधीच घरी बसलो असतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकजण म्हणाला, वा. मी मान खाली घालून स्क्रू फिरवत राहिलो. काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना कप दिले, शेवटी माझ्याकडे आल्या. त्या काय बोलतील ते मला माहीत होतं. खरं सांगायचं तर त्यांनी बोलावं, सगळ्यांसमोर बोलावं, असं मला वाटत होतं. ती सोमवारची बस तिथे काकूंना आणि मलाच आठवत होती.

त्या वाकल्या, कप माझ्यापुढे ठेवला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्याईले सांगू नका काही. तुमचं नाव घेतलं की दिवस बरा जाते त्याईचा."

मी म्हटलं, "नाही सांगत."

आणि हे म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं. काकाजी जाऊन आता खूप वर्षं झाली, काकूही गेल्या. काकाजींचे डोळे गेले याचं दुःख कमी होत होत आता पुष्कळ कमी झालं आहे. त्या ओसरीवर मला बरं वाटलं होतं, त्याची लाज मात्र जशीच्या तशी आहे.